रामकिशनची परीक्षा आणि पाटलांचे पाय

“औंदा पास म्हंजे पास! मरीज नुसता समोर येऊ द्या, त्याचा रोग हात जोडून माझ्यापुढं उभा राहातो का न्हाई बघा!”

कुरुंद्याच्या पारावर रामकिशननं असं ठणकावून सांगितलं आणि पारावरच्या झाडून साऱ्या मंडळींनी माना डोलावल्या. डोलावणारच! गोष्ट निजामाच्या राज्यातली. गावात ताप आला तर काढा, नाही उतरला तर अंगारा. आणि आपल्या सोनाजीचं पोरगं हैदराबादेत राहून, माणसाच्या आत काय चाललंय ते बाहेरून सांगायला शिकून राहिलेलं! लोक त्याच्याकडं देवळाच्या कळसाकडं बघावं तसे मान वर करून बघायचे. रामकिशन चांगलाच बुटका होता, तरीसुद्धा!

एक गोष्ट मात्र त्यानं पारावर सांगितली नाही. गेल्या साली तो आपटला होता. लेखी पेपर सगळे सुटले, पण तशखीसच्या परीक्षेत गाडी रुतली. तशखीस म्हणजे रोग ओळखणं. पलंगावर खराखुरा मरीज असतो, शेजारी खुर्चीत बडे डॉक्टर नासेरसाहेब बसलेले असतात आणि ते विचारतात, ह्याला काय झालंय, आणि तू ते कशावरून म्हणतोस? रामकिशन आत शिरला, त्याला एक माणूस खोकताना दिसला, आणि पठ्ठ्या दारातूनच ओरडला, “क्षय, हुजूर!”

खोकणारा माणूस पंखा ओढणारा नोकर होता. मरीज पलंगावर होता, आणि त्याचं पोट दुखत होतं!

नासेरसाहेब रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत, म्हणून तर पोरं त्यांना जास्त भ्यायची. ते एवढंच म्हणाले, “मियाँ, तुम बोलते बहुत जल्दी हो. पहले पूछो. और हर जवाब पर अपने आप से कहो, क्यूँ?” काय माणूस होता तो! मरीजाजवळ बसायचा, हळू आवाजात इकडचं तिकडचं विचारायचा, आणि बघता बघता, विहिरीतून बादली वर यावी तसा रोग आपोआप वर यायचा. रामकिशननं हे डोळ्यांनी पाहिलेलं. दर वेळी त्याच्या अंगावर काटा यायचा. आपल्याला हे कधी जमेल का, असं वाटायचं.

आता ही शेवटची बारी. ह्यात आपटला तर नाव कटलं. मग डॉक्टरकी विसरायची आणि जन्मभर दुसऱ्याच्या दवाखान्यात बाटल्या धुवायच्या. म्हणून तर तो सुटीत गावी आला होता, सराव करायला. सरावाला दोन माणसं हवी होती, एक मरीज आणि एक परीक्षक. आणि परीक्षा सगळी उर्दूत! मरीज मराठीत सांगणार, ते ह्यानं परीक्षकाला उर्दूत ऐकवायचं.

परीक्षक गावातच सापडला. कादरभाई, हळदीचे दलाल. उर्दू अशी की हळदीचा भाव सांगितला तरी शायरी वाटावी.

“बेटा, मला दवादारूतलं काय समजतं?” कादरभाई घाबरले.

“काहीच समजायला नको चाचा! मी काही बोललो की तुमी फक्त ‘क्यूँ?’ म्हणायचं.”

“बस? एवढंच?”

“एवढंच! नासेरसाहेब तरी दुसरं काय करतात?”

कादरभाई घरी गेले ते ईदची शेरवानी घालूनच परत आले.

मरीज म्हणून किसनराव पाटील स्वतः चालत आले. मोठे जमीनदार, पन्नाशी उलटलेली, मिशा अशा की समोरचा आधी मिशांना रामराम करी आणि मग पाटलांना. “मला काय धाड भरलीय?” ते आल्या आल्या म्हणाले. “पर पोराची परीक्षा हाय, तर बसतो. खोटंखोटं सांगतो कायतरी.”

रामकिशनच्या घरासमोरच्या ओट्यावर परीक्षा मांडली. कादरभाई खुर्चीत, पाटील बाजेवर.

“काय तकलीफ हाय, काका?”

पाटलांनी इकडंतिकडं बघितलं, आवाज बारीक केला. “आता खोटंखोटंच सांगायचं न्हवं? मग असं धर... पाय जड झालेत.”

रामकिशन झटकन वळला आणि खणखणीत उर्दूत म्हणाला, “हुजूर! मरीज के पाँव भारी हैं!”

आता इथं जरा थांबलं पाहिजे. मराठीत पाय जड झाले म्हणजे पाय जड झाले. पण उर्दूत ‘पाँव भारी’ म्हणजे बाईला दिवस गेले! हे कुरुंद्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त उर्दूचा गंध नसलेल्या पाटलांना, आणि रामकिशनला! त्याच्या पुस्तकांत त्या अवस्थेला भलामोठा अरबी शब्द. वसतिगृहात सगळे टगे, ही बायकांची नाजूक बोली त्याच्या कानावर पडणार कुठून?

कादरभाईंचा जबडा खाली आला. पण कबूल केलेलं काम ते सोडणारे नव्हते. “क्य... क्यूँ?”

“वही तो मालूम करना है, हुजूर!” रामकिशन खुशीत म्हणाला आणि पाटलांकडं वळला. “कवापासून, काका?”

“तीन महिने झाले असतील.”

“हुजूर, तीसरा महीना है! खाणंपिणं कसं हाय काका?”

“अन्नावर वासनाच न्हाई. मळमळतं.”

“हुजूर, जी मतलाता है!”

कादरभाई ताडकन उठले. कपाळावरचा घाम शेरवानीच्या बाहीनं पुसत म्हणाले, “इम्तिहान बरखास्त!” आणि मागं न बघता घराची वाट धरली.

“काय झालं रे ह्येंला?” पाटलांनी विचारलं.

“लई अवघड मरीज दिला ना तुमी, काका,” रामकिशन म्हणाला. “परीक्षकच दमला!”

घरी जाताना कादरभाईंच्या डोक्यात ‘क्यूँ’ची चक्की सुरू झाली. पुरुषाचे पाँव भारी? शक्यच नाही. मग पाटील असं बोलला क्यूँ? आणि एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. अहो, खानदानी माणूस चारचौघांत बायकोचं दुखणं बायकोच्या नावानं सांगेल का? स्वतःच्या नावावर घालूनच सांगणार! वा रे पाटील, काय ती अदब! कादरभाईंचं मन पाटलांच्या आदरानं भरून आलं, आणि भरलेलं मन त्यांनी घरी बीबीसमोर, म्हणजे कनीजचाचीसमोर, रितं केलं.

“किसनराव पाटील के घर में पाँव भारी हैं. किसी से कहना मत.”

कनीजचाचीनं कुणाला सांगितलं नाही. ओंजळभर चिंचा पदरात घेतल्या आणि सरळ पाटलांच्या घरी गेली. वाटेत जी भेटली ती विचारायची, “चिंचा कुणाला गं चाची?” आणि चाची नुसती हसायची. नुसती हसली, पण अशी हसली की ती पाटलांच्या दारात पोचायच्या आधी बातमी मागल्या दारानं निघून नदीवर धुणं धूत होती!

पाटलीणबाई म्हणजे मंजुळाबाई. त्यांनी चिंचा घेतल्या आणि त्या हरखून गेल्या. म्हणजे सून पारुबाईला दिवस गेले! “काहून गं मला सांगितलं न्हाईस?” त्यांनी सुनेला जवळ ओढलं.

“काय सांगू आत्याबाई? काही असलं तर सांगीन ना!” पारुबाई रडवेली झाली.

“मग चिंचा कुणाला?”

कनीजचाची लाजून म्हणाली, “तुम्हारे वास्ते, मंजुळाबाई!”

“माझ्यासाठी?” मंजुळाबाई मटकन खाली बसल्या. “चाची, नातवंडाची वाट बघून राहिले मी! कुणी सांगितलं तुला हे?”

“पाटील ने खुद बताया. डॉक्टर के सामने. तीसरा महीना!”

मग मंजुळाबाईंनीही विचार केला. कुरुंद्यात त्या दिवशी जो तो तशखीसच करत होता! मला दिवस गेले नाहीत. पारूला नाहीत. पाटलानं तर स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. मग कुणाला? आणि गेले कित्येक दिवस हा माणूस अन्नाला शिवत नाही, पडला की पुन्हा उठून बसतो आणि उसासे टाकतो. बैल बघायचं निमित्त करून डोंगरकडा गावाला जातो. अगं बाई!

तेवढ्यात पाटील शेतावरून आले.

“डोंगरकड्याला कोन हाय?” मंजुळाबाईंनी दारातच गाठलं.

“नेमसिंग हाय. बैलवाला.”

“त्यो न्हाई इचारला मी! सकाळी त्या पोरासमोर काय सांगून आलात?”

पाटील वरमले. ते पायांचं गुपित इतके दिवस त्यांनी घरात लपवलेलं. “तुला कळलं व्हय?”

“साऱ्या गावाला कळलं! किती महिने झाले?”

“तीन.”

“तीन! आन मला आज कळतंय! बोलला न्हाईत काहून?”

“काय बोलायचं? म्हणलं, आपोआप उतरंल.”

“उतरंल?” मंजुळाबाईंनी हातातली चिंच फेकून मारली. “लाज न्हाई वाटत? ह्या वयात?”

“ह्या वयातच होतं ते!” पाटील चिडून म्हणाले. “माझ्या बापालाबी झालं होतं!”

झालं! मंजुळाबाईंनी पदर खोचला. “चला त्या डॉक्टराकडं! सासऱ्याचंबी आजच कळू द्या मला!”

पुढं मंजुळाबाई, मागं पाटील, त्यांच्या मागं पारुबाई, कनीजचाची, आणि नदीवरून ओलं धुणं तसंच टाकून आलेल्या बायका. रामकिशनचं घर चढावर. तो ओट्यावर बसून पाठांतर करत होता. समोरून अख्खं गाव चढून येताना बघितलं आणि तो भारावून उठला. सरावाला एवढे मरीज!

“ह्यांनी तुला काय सांगितलं?” मंजुळाबाई कडाडल्या.

“पाय जड झालेत म्हणून सांगितलं, काकी.”

“आन तू कादरभाईंना काय सांगितलं?”

“तेच. पाँव भारी हैं.”

मग कनीजचाचीनं कपाळावर हात मारला. “अरे बेटा! पाँव भारी का मतलब नहीं मालूम?” आणि तिनं त्याच्या कानात मतलब सांगितला. रामकिशनचा चेहरा कुरुंद्याच्या हळदीसारखा पिवळा झाला, मग लाल झाला. तोवर बायकांना उलगडा झाला आणि जो हशा उठला म्हणता! पारुबाई तोंडाला पदर लावून हसली, ओली धुणी खांद्यावर घेतलेल्या बायका हसल्या, शेरवानी न घातलेले कादरभाई गर्दीत मागं तोंड लपवून हसले. मंजुळाबाईसुद्धा हसायला लागल्या होत्या.

हसत नव्हते ते एकटे पाटील. चढ चढून आलेले पाटील ओट्याला धरून उभे होते. तोंड उघडं, मिशा घामानं चिकटलेल्या, एक शब्द बोलायचा तर मध्ये दोनदा श्वास घेत होते.

रामकिशननं ते बघितलं. त्याच्या ओठांवर तीन-चार रोगांची नावं एकदम आली. त्यानं ती सगळी गिळली. आयुष्यात पहिल्यांदा गिळली! पाटलांना धरून बाजेवर बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, “काका, खोटंखोटं न्हवतं ना ते?”

पाटलांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं.

हशा एकदम थांबला. कादरभाई पुढं आले आणि सवयीनं म्हणाले, “क्यूँ?” पण आता त्यात चेष्टा नव्हती.

“सकाळी पाय जड असतात का संध्याकाळी?”

“दिवस कलला की जास्ती.”

“सकाळी तोंड सुजतं?” नाही. रामकिशननं पाटलांची खालची पापणी ओढून बघितली. लाल होती, रक्त कमी नव्हतं. मग विचारलं, “झोपताना उशी किती लागते?”

जवाब मंजुळाबाईंनी दिला. “उशी? आडवं पडलं की जीव घाबरा होतो त्यांचा. भिताडाला टेकून बसूनच असतात. मला वाटलं... मला मेलीला भलतंच वाटलं रे!”

रामकिशननं पाटलांच्या नडगीवर अंगठा टेकवला, दाबून धरला आणि उचलला. सारं गाव वाकून बघत होतं. अंगठा उठला, खड्डा तसाच राहिला! भिजलेल्या कणकेत राहावा तसा! पाटलांनी स्वतःच्या पायाकडं असं बघितलं, जसा तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

“पाणी हाय हे,” रामकिशन म्हणाला. “पायात उतरून राहिलंय.”

“क्यूँ?” कादरभाई.

“वर खेचणारा पंप थकला म्हणून.”

“वो क्यूँ?”

रामकिशननं नळी कानाला लावली आणि पाटलांच्या छातीवर टेकवली. बराच वेळ ऐकलं. काय सांगू! ज्या आवाजाबद्दल त्यानं पुस्तकात वाचून वाचून डोळे फोडून घेतले होते, तो आवाज आतून येत होता. दार नीट लागत नसावं आणि वाऱ्यानं फुर्रफुर्र करावं, तसा. एका ‘पाय जड’पासून निघालेली वाट, प्रत्येक ‘क्यूँ’ला एक पाऊल टाकत, थेट काळजाच्या दारापर्यंत येऊन पोचली होती! रामकिशनला रडूच फुटायचं राहिलं होतं. ही विद्या एवढी मोठी आहे, आणि आपण ती दारातून ओरडायला निघालो होतो!

“काळजाचं दार बिघडलंय, काका. मी अजून पास न्हाई, औषध मी देणार न्हाई. पर हैदराबादेला ह्याच्यावर चांगलं औषध हाय. मी परीक्षेला चाललोच हाय, तुमी दोघं चला माझ्यासंगट.”

एक म्हातारी पुढं आली आणि तिनं पाटलांच्या नडगीवर स्वतःचा अंगठा दाबून बघितला. खड्डा पडला. तिनं हात जोडले. रामकिशनला नाही, खड्ड्याला!

वसमतहून आगगाडी धरून तिघं हैदराबादेला गेले. बड्या दवाखान्यात पाटलांना पलंग मिळाला, औषध सुरू झालं आणि पायातलं पाणी दिवसादिवसानं उतरायला लागलं. मंजुळाबाईंनी मात्र आल्या दिवशीच तंबी देऊन ठेवली. “ह्या परक्या मुलखात सगळे उर्दूच बोलतात. पायाचं नाव काढाल तर बघा! पुन्यांदा शोभा नको!”

परीक्षेचा दिवस उजाडला. रामकिशन आत गेला. खुर्चीत नासेरसाहेब, शेजारी आणखी दोन मोठे डॉक्टर. पलंगावर हनुवटीपर्यंत चादर ओढून बसलेला मरीज, आणि चादरीच्या वर त्या मिशा!

रामकिशनला दरदरून घाम फुटला. ह्यांना काय झालंय ते त्याला पाठ होतं. तोंड उघडायचा अवकाश! पण त्यानं ते उघडलं नाही. आधी विचारलं, “काय तकलीफ हाय, काका?”

पाटलांनी खिडकीकडं बघितलं. खिडकीबाहेर व्हरांड्यात मंजुळाबाई डोळे वटारून उभ्या होत्या.

“कायबी न्हाई!”

“पायांत काही?”

“पाय?” पाटील ओरडले. “मला पायच न्हाईत!”

नासेरसाहेबांनी शांतपणे चादर वर केली. दोन पाय होते. त्यांनी चादर खाली सोडली.

“हुजूर,” रामकिशन रडक्या आवाजात म्हणाला, “मैं इस मरीज को जानता हूँ. मेरे गाँव के हैं. बीमारी भी जानता हूँ.”

“खूब!” नासेरसाहेब म्हणाले. “सच बोले, अच्छा किया. तो मैं बीमारी नहीं पूछता. इसके पाँव हैं, और ये कहता है, नहीं हैं. क्यूँ?”

असा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नव्हता. रामकिशननं पाटलांकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, आणि खाली मान घातली.

“शर्म, हुजूर.”

“शर्म क्यूँ?”

“क्यूँ कि मैंने... सारे गाँव में बोल दिया, कि इनके पाँव भारी हैं.”

मग शेजारचे दोन डॉक्टर एकमेकांच्या अंगावर कोसळले. पंखा ओढणाऱ्यानं दोरी सोडली. आणि नासेरसाहेब! ज्यांना दात आहेत की नाहीत ह्याबद्दल पोरांत वाद होते, ते नासेरसाहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. हसू आवरल्यावर त्यांनी रामकिशनला पहिल्या शब्दापासून काळजाच्या दारापर्यंत सगळं सांगायला लावलं. दर वळणावर ‘क्यूँ?’ विचारलं आणि दर वळणावर रामकिशननं जवाब दिला. शेवटी साहेब खुर्चीतून उठले, हात पुढं केला आणि म्हणाले, “मुबारक हो!”

रामकिशनचा ऊर भरून आला. शेवटची बारी, आणि खुद्द नासेरसाहेबांचा हात! तो कमरेत वाकला, दोन्ही हात पुढं केले.

साहेबांचा हात त्याच्या डोक्यावरून पलीकडं गेला.

“तुम्हें नहीं, मियाँ! पाटील साहब को!”

संध्याकाळी पास झालेल्यांची नावं लागली, त्यात रामकिशनचं नाव होतं. सगळ्यात खाली, पण होतं! डॉक्टर रामकिशन व्हरांड्यात आला तर मंजुळाबाई वाट बघत उभ्या.

“डॉक्टर, एक सांग. त्या बड्या साहेबानं ह्यांचा हात धरून मुबारक काहून म्हणलं?”

रामकिशननं जवाब द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं. मग, आता शिकलेला माणूस तो, त्यानं आधी विचारलं, “काकी, तुमच्या हातात ते काय हाय?”

“चप्पल.”

“मग काका बरे झाले म्हणून, काकी!”